थंडीतलं शिबिर आणि पहिला गळ: मुलांना धरणकाठी नेणाऱ्या नवख्या आयोजकांसाठी

नोव्हेंबर लागला की सोसायटीतली, मंडळातली नाहीतर शाळेतली कुणीतरी उत्साही मंडळी विचारू लागतात, ‘पोरांना दोन रात्री तंबूत न्यायचंय, मासे पकडायला शिकवायचंय, काय काय लागेल?’ हल्ली त्यात मोबाइलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. गोठलेल्या तळ्याला गोल भोक पाडून त्यात गळ सोडून बसलेली माणसं मुलांनी पाहिलेली असतात आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं. आधी ते मिटवून टाकू.

बर्फावरची मासेमारी सह्याद्रीत नाही, हे सांगायला नको. पण ‘मग हिमाचलला जाऊ’ म्हणणारे भेटतात. हिमाचलात ट्राउट पकडायला १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, कारण तो त्या माशाचा अंडी घालण्याचा काळ. कडाक्याच्या थंडीत श्रीनगरचं दल सरोवर गोठतं, पण त्या बर्फावर पाय ठेवू नका असं प्रशासनच बजावतं. जिथे हा छंद पिढ्यानपिढ्या चालत आलाय तिथेही एका माणसाच्या चालण्यासाठी निदान १० सेंटिमीटर जाडीचा, काचेसारखा घट्ट बर्फ हवा असा दंडक आहे, आणि तो ठिकठिकाणी भोक पाडून मोजतात. शिकलेली माणसं शेजारी नसताना मुलांना घेऊन करायचा हा प्रकार नव्हे. मुलांना त्यातली गंमत हवी असेल तर ती शेकोटीपाशी सांगा: पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून तळं वरून गोठतं, आणि बर्फाच्या झाकणाखाली मासे हिवाळा काढतात.

आपल्याकडे, पुण्याच्या आसपास, थंडी आहे, पाणी आहे, मासेही आहेत. फक्त नियोजन उलट्या क्रमाने करावं लागतं. नवखे आयोजक आधी गळ आणि तंबूंच्या किमती विचारतात. मी सांगेन, आधी पाणी बघा, मग परवानगी, मग रात्र, आणि मासा सगळ्यात शेवटी.

तारीख ठरवताना

पुण्यातली खरी थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. शिवाजीनगरला पारा १० अंशांच्या आसपास असतो तेव्हा पाषाण आणि एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूला तो बहुधा आणखी खाली असतो, आणि धरणांची खोरी त्याच मापाची धरावीत. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती. ‘पुण्यात कसली आलीय थंडी’ हे वाक्य पहाटे चार वाजता तंबूत म्हणून बघावं.

३१ डिसेंबरच्या आसपासचा आठवडा डोळे झाकून सोडा. पवनेच्या काठी तेव्हा गाण्यांच्या भिंती उभ्या असतात आणि रस्त्यावर गाड्यांच्या रांगा. त्याआधीच्या दिवसांत मार्गशीर्ष आडवा येतो. अनेक घरांत मार्गशीर्षात मासे-मटण बंद असतं, गुरुवार तर कडक. मुलाने हौसेने मासा पकडला, खाल्ला आणि रात्री आजीला फोनवर सांगितलं, तर पुढच्या वर्षी ते मूल येत नाही. म्हणून माझी पसंती जानेवारीतल्या शुक्रवार ते रविवारला. शाळांची स्नेहसंमेलनं बहुतेक उरकलेली असतात. दहावी-बारावीच्या मुलांना मात्र या वर्षी सोडून द्या, त्यांच्या डोक्यावर प्रात्यक्षिकं असतात.

उल्का दाखवायच्या असतील तर १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव जोरात असतो. मग मासे धरून सोडून द्यायचे, एवढं पालकांना आधी सांगा. एरवी अमावास्येच्या जवळचा आठवडा निवडला की मृग, कृत्तिका आणि व्याध बघायला दुर्बीणही लागत नाही. हवामान विभागाचा अंदाज तीन दिवस आधीपासून रोज पाहा. अवकाळी पाऊस डिसेंबर-जानेवारीतही येतो. भिजलेलं मूल आणि दहा अंशांची रात्र ही जोडी कुणालाच झेपत नाही, तेव्हा ढगांची शक्यता दिसली की तारीख पुढे ढकला. पर्यायी तारीख पहिल्या पत्रातच लिहून ठेवली की कुणाचा हिरमोड होत नाही.

जागा: आधी पाणी बघून या

खडकवासला जवळचं आणि ओळखीचं, पण ते शहराचं पिण्याचं पाणी आणि शनिवार-रविवारी चौपाटीची गर्दी. तिथे नको. पानशेत आणि वरसगाव शहरापासून सुमारे ४० किलोमीटर, पवना सुमारे ६०. लोणावळा लोकलने कामशेतला उतरून पवनानगरकडे जाता येतं, त्यामुळे मोठ्या मुलांचा गट बसशिवायही नेता येतो. मुळशीचं धरण टाटांचं, तिथलं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राला जातं. भोरजवळचं भाटघर शांत आहे. माशांसाठी सगळ्यात जोरदार म्हणजे उजनीचा फुगवटा, भिगवणच्या बाजूला. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षीही असतात. पण ते अंतर शंभर किलोमीटरच्या घरात जातं, काठ सपाट आणि चिखलाचा आहे, आणि मोकळ्या माळावरून वारा येतो. पहिल्या खेपेला पवना किंवा पानशेतचा काठ, आणि तोही एखाद्या गावकऱ्याच्या शेतात. भिगवण दुसऱ्या वर्षी, तिथल्या मच्छीमाराला सोबत घेऊन.

ठरवण्याआधी दोघांनी दिवसाउजेडी जाऊन यायचं, हातात आपल्या उंचीची काठी घेऊन. फोटोंवर विसंबू नका, कारण काठ महिन्यागणिक बदलतो. पावसाळा संपताना धरण भरलेलं असतं. पुढे शेतीला आणि शहराला पाणी सुटत जातं तशी पातळी उतरते, आणि पाणी मागे सरकलं की उघडा पडतो तो गाळाचा पट्टा. वरून ऊन खाऊन त्याला भेगा पडलेल्या असतात, दिसायला तो टणक दिसतो, आणि पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत जातो. मुलं पाण्यापाशी जातात ती याच पट्ट्यावरून. काठी रोवत चाला. वीतभराहून जास्त आत गेली तर ती जागा बाद. खडकाळ, हळूहळू उतरत जाणारा काठ शोधा. पाण्याच्या आत दोन पावलांवर खोली किती आहे तेही काठीने बघा, कारण पाण्याखाली जुनी शेतं आहेत, त्यांचे बांध, बुंधे, विहिरी आहेत. पवनेतलं वाघेश्वराचं जुनं देऊळ वर्षाचा बराच काळ पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात वर येतं. तळ सपाट असेल असं गृहीत धरायचं नाही, ते यासाठी.

तंबूंची जागा पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावलं दूर आणि चढावर थोडी वर हवी. रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते, त्यामुळे पाण्याशेजारची सपाट हिरवळ फोटोत सुंदर आणि झोपायला सगळ्यात थंड. झाडांवर आणि कड्यांवर आग्या मोहोळ आहे का ते मान वर करून बघा. धूर किंवा उग्र अत्तर यांनी ते उठतं. उसाच्या फडाला लागून तंबू नकोत. पुणे जिल्ह्यात बिबट्याचं राहणं उसात आहे, जुन्नर-आंबेगावात तर घराघरांत ते माहीत आहे. गाडी तंबूपर्यंत येते का, मोबाइलला रेंज आहे का, संडास आहे का आणि मुलींसाठी त्याला आतून कडी आहे का, जवळचा सरकारी दवाखाना किती मिनिटांवर आहे: हे सगळं त्याच फेरीत वहीत उतरवून घ्या.

परवानगी तीन प्रकारची

जमिनीची, पाण्याची आणि माशांची. जमीन खासगी असेल तर मालकाशी बोलणं पुरतं. पण पाण्यालगतचा पट्टा बहुधा जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो आणि डोंगराकडची बाजू वनविभागाची असू शकते. गावच्या पोलीस पाटलांना आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याला मुलांची संख्या आणि तारखा लेखी कळवा. एका पानाचं काम आहे, आणि अडचणीच्या वेळी त्या पानाचा फार उपयोग होतो.

माशांची परवानगी बहुतेकजण विसरतात. धरणातले मासे कुणाचेच नसतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मत्स्यव्यवसाय विभागामार्फत जलाशय स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि कटला, रोहू, मृगळ यांचं बीज या संस्था पैसे मोजून सोडतात. तेव्हा संस्थेच्या सचिवांना भेटा, मुलांचं शिबिर आहे, काठीने धरणार आहोत, जाळं नाही, असं सांगा, आणि जी काय फी ते सांगतील ती पावती घेऊन भरा. त्यांच्यातलाच एखादा जाणता मच्छीमार दिवसभरासाठी मानधन देऊन सोबत घेतलात तर शिबिराचं अर्धं यश तिथेच पदरात पडतं. मासा कुठे बसतो, कुठे गाळ आहे, कुठे कुणाची जाळी लावलेली आहेत, हे त्याला झोपेतही ठाऊक असतं. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७च्या कायद्यापासून बंदी आहे. असं काही दिसलं तर मुलांना घेऊन तिथून निघा आणि पोलिसांना कळवा.

माणसं आणि पालक

पाण्याकाठी पाच मुलांमागे एक मोठा माणूस, हे माझं माप. त्यातला निदान एक पट्टीचा पोहणारा आणि एक जण फक्त डोकी मोजणारा. हा मोजणारा स्वतः गळ हातात धरत नाही, फोन घेत नाही, चहा करत नाही. मुली असतील तर दोन बायका सोबत हव्यातच. कुठलाही मोठा माणूस एकटा एका मुलासोबत तंबूत राहणार नाही, हा नियम पालकांच्या बैठकीत मोठ्याने वाचा. वाईट कुणाला वाटत नाही, उलट विश्वास वाढतो.

वय अकरा ते सोळा ठीक. त्याहून लहान मुलं रात्री घरची आठवण काढतात, आणि एकाने सुरुवात केली की तंबूभर साथ पसरते. पालकांकडून लेखी संमती, दोन फोन नंबर, दमा-फिट्स-अॅलर्जीची माहिती, चालू औषधं आणि पोहता येतं का, हे घ्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पालक सढळ हाताने देतात. ‘हो, येतं की’ म्हणजे सोसायटीच्या चार फुटी तलावात येतं. धरणात सगळ्यांना न पोहणारेच समजा.

रात्र

इथे वेळ द्या, कारण मुलं आजारी पडतात ती दुपारच्या गळाने नाही, पहाटेच्या गारठ्याने.

थंडी वरून येते असं वाटतं म्हणून लोक पांघरुणं वाढवतात. ती खरी खालून येते. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. तंबूच्या खाली ताडपत्री, आत फोमची चटई, तिच्यावर सतरंजी, मग झोपायची पिशवी, असा क्रम. कुणाच्या घरी धनगरी घोंगडी असेल तर ती अंथरायला काढा, पांघरायला नाही. दवाने ओलसर झाली तरी लोकर ऊब धरते. झोपण्याआधी ओले किंवा घामट कपडे बदलायचेच. दिवसभर घातलेले सुती मोजे कोरडे वाटतात पण नसतात. रात्रीसाठी कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीत वेगळा बांधून आणायला सांगा, कानटोपीही. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवली की दोन-तीन तास निघतात. बाटली गळत नाही ना, हे आधी उलटी करून बघा.

तंबूची चेन पूर्ण लावायची नाही. धरणकाठी दव भरपूर पडतं आणि चार मुलांच्या श्वासाची वाफ आतून कापडावर साचून थेंबथेंब गळते. दोन्ही बाजूंना वीतभर फट ठेवली की हवा खेळते.

एक गोष्ट मात्र कितीही वेळा सांगितली तरी कमीच. तंबूत शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं, गॅस किंवा मेणबत्ती न्यायची नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. दरवर्षी थंडीत कुठे ना कुठे याने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. शेकोटी बाहेर, आणि तीही जमीनमालकाच्या परवानगीने. डोंगरावरचं गवत तोवर पिवळं पडलेलं असतं. दहा-बारा फुटांचं वर्तुळ साफ करून, दगड मांडून, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या भरूनच काडी लावा. वनविभागाच्या हद्दीत ती काडी खिशातच राहू द्या. झोपण्याआधी राखेत पाणी ओतून, हात लावून थंड झाल्याची खात्री करा. वणवा रात्रीच्या वाऱ्याने पेटतो.

साप थंडीत नसतात हा गैरसमज आहे. घोणस या दिवसांतही फिरते. बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. अंधारात संडासला जायचं तर विजेरी आणि जोडीदार दोन्ही हवेत. खरकटं उघड्यावर टाकलं की कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. मोठ्या माणसांनी दोन-दोन तासांचे पहारे वाटून घ्या. पहाटेचा पहारा कुणालाच नको असतो, त्यासाठी चिठ्ठ्या काढाव्यात.

सामान

तंबू पहिल्या वर्षी भाड्याने घ्या, पण घरी किंवा सोसायटीच्या आवारात एकदा उभारून बघा. काठी मोडकी आहे, खुंट्या कमी आहेत, हे तिथेच कळलेलं बरं. दोर, ताडपत्री, हुक, पक्कड हे सगळं पुण्याच्या बोहरी आळीत एका फेरीत होतं. मोठी पातेली कुणाच्या तरी मंडळाची गणपतीत वापरलेली पडलेली असतात, विचारून बघा. झोपायच्या पिशव्या आणि विजेऱ्या डिकॅथलॉनमध्ये आहेत. लाइफ जॅकेटवर मात्र पैसे वाचवू नका. प्रत्येक मुलाला त्याच्या वजनाचं, पट्टे धड असलेलं जॅकेट हवं. भाड्याच्या दुकानात बहुधा मोठ्या माणसांची मापं असतात आणि बारा वर्षांचं मूल त्यातून खाली निसटतं. खांद्याजवळ धरून वर ओढून बघायचं: जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे.

गळ

आता कुठे मासे. नवख्या मुलांना रीळवाली काठी देऊ नका, हे माझं ठाम मत आहे. रीळ आली की मूल डोक्यावरून काठी फिरवून लांब फेकतं, आणि मागे उभ्या मुलाच्या डोळ्याला गळ लागतो. आठ-दहा फुटांचा साधा बांबू किंवा वेताची काठी, टोकाला तिच्याच लांबीचं तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बस. फेकायचं नाही, पुढे झुलवून अलगद सोडायचं. दोन मुलांमध्ये दोन काठ्यांइतकं अंतर, आणि सगळ्यांच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर कसला ना कसला चष्मा.

तंगूस पाव मिलिमीटर जाडीचं पुरतं. गळ आठ ते दहा नंबरचा. नंबर वाढला की गळ लहान होतो, दुकानात हे उलटं वाटतं. गळाच्या टोकाजवळचा उलटा दात पक्कडीने चेपून टाका. मासे थोडे जास्त सुटतील, पण बोटात घुसलेला गळ आल्या वाटेने बाहेर येतो आणि सोडायचा मासा जखमी होत नाही. बांधणी अशी: तंगुसाचं टोक गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत आणा, थुंकी लावून ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडं आवळलं की तंगूस तापून कमजोर होतं. हे शिबिराआधीच्या रविवारी सुतळी आणि वाकवलेल्या तारेवर शिकवून टाका, काठावर गार बोटांनी जमत नाही. गळाच्या वीतभर वर मटारच्या दाण्याएवढं शिसं, आणि वर पाण्यावर तरंगणारं बूच. बूच एवढं सरकवा की आमिष तळापासून हातभर वर लटकेल.

आमिषाला गांडूळ सगळ्यात भरवशाचं. ज्यांना हात लावायची शिसारी येते त्यांना कणकेचा गोळा. कणीक घट्ट मळा, त्यात शेंगदाण्याचं कूट किंवा पेंड घाला, चण्याएवढी गोळी करून गळाचं टोक झाकेल अशी लावा. बसण्याआधी त्याच मिश्रणाच्या चार मुठी समोर टाकल्या की मासा जागेवर येतो.

पहाटे उठवण्याची घाई नको. पाणी गार असताना मासा सुस्त असतो आणि त्याला भूक कमी लागते. ऊन पाण्यात उतरून काठ कोमट झाला, म्हणजे साधारण दहानंतर, तो उथळ पाण्याकडे येतो. दहा ते चार ही वेळ धरा, उन्हाचा काठ धरा आणि वारा ज्या बाजूला लाटा ढकलतो ती बाजू धरा. बूच जरा हललं की मुलं हिसका देतात. ते पूर्ण बुडेपर्यंत किंवा आडवं चालू लागेपर्यंत थांबायचं, मग मनगटाने हलकेच वर. ओरडू नका असं सांगून काही उपयोग नाही, ओरडू देत. पळू मात्र द्यायचं नाही.

मासा हातात आल्यावर

पहिला मासा बहुधा चिलापी असेल. मूळचा आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आता धरणाधरणांत पसरलाय. काठाजवळ राहतो, कणकेला येतो, लाजत नाही. नवख्यांसाठी याहून बरा गुरू नाही, आणि खायलाही चांगला. पाठीच्या काट्यांपासून जपून, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत धरावा. शिंगाळा, म्हणजे मिशांचा काटेरी मासा, आला तर मुलांनी हात लावायचा नाही, जाणत्याला बोलवायचं. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा लागला की ठणका डोक्यात जातो. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास हात बुडवून ठेवा आणि नंतर डॉक्टरांना दाखवा. रुंद चपटं डोकं, मिशा आणि खवलं नसलेलं लांब अंग असा मांगूर निघाला तर तो पाण्यात परत सोडायचा नाही. आफ्रिकी मांगूर पाळायला आपल्याकडे बंदी आहे, बाकीचे मासे तो फस्त करतो. सोबतच्या मच्छीमाराच्या हवाली करा.

मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला महसीर लागला तर त्या मुलाचं नशीब. पण तो खायचा नाही. दख्खनी महसीर हा शब्दशः पुणेकर आहे: कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते इथल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. नद्यांतून तो कमी होत गेला, आणि टाटा पॉवरने लोणावळ्याला वळवण इथे त्याची पिल्लं वाढवून ती ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडली. हात ओले करून, शक्यतो पाण्यातच धरून, गळ काढून त्याला सोडा. फोटो हवाच तर पाण्यातून वर काढून दहा आकडे मोजेपर्यंत. वीतभराहून लहान रोहू-कटल्यालाही हाच नियम, संस्थेने ते वाढायला सोडलेले असतात.

ठेवायचे मासे किती, हे सकाळीच ठरवा. मुलामागे एक पुरे. मारायचा तर लगेच, डोक्यावर एक घट्ट फटका देऊन. पिशवीत तडफडत ठेवणं मुलांना आवडत नाही आणि शिकवूही नये. साफ करणं प्रत्येकाला दाखवा, पण बळजबरी कुणावर नको.

जेवण

मासे मिळतील असं धरून जेवण आखू नका. शनिवारी रात्री पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. गावातल्या ताई भाकऱ्या करून देतात, त्यांचे पैसे आधी ठरवा. सकाळी उपमा, दुपारी मुगाची खिचडी. या दिवसांत कोवळ्या ज्वारीचा हुरडा मिळाला तर शेकोटीला दुसरं निमित्त लागत नाही. चिलापी हळद, तिखट, मीठ, लिंबू लावून तव्यावर. शाकाहारी मुलांची भांडी, तवा आणि शक्यतो चूलही वेगळी. घरी विचारणा होते आणि ‘वेगळं होतं’ हे मुलाला खरं सांगता आलं पाहिजे. पाणी धरणातलं नको, शहरातून कॅन भरून न्या. थंडीत मुलं पाणी पीतच नाहीत, म्हणून दर दोन तासांनी गरम काहीतरी हातात द्या: सूप, गवती चहा, गुळाचं पाणी.

वेळ आली तर

पोहायचं नाही. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. काठावर गेलं की जॅकेट अंगावर, तेही बांधलेलं. हे तीन नियम मोडणाऱ्याची काठी त्या दिवसापुरती जमा, मग तो आयोजकाचा स्वतःचा मुलगा का असेना.

तरीही कुणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. धरणात एकामागून एक जाणारे बहुतेक वेळा वाचवायला गेलेलेच असतात. काठावर दर पंधरा-वीस पावलांवर एक झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन ठेवा, त्याला वीस मीटर दोर बांधलेला. आत पेलाभर पाणी ठेवलं की फेकायला वजन येतं. कॅन त्याच्या पलीकडे फेका, दोर अंगावर पडू द्या, आणि स्वतः आडवे होऊन ओढा. तेवढं पोचत नसेल तर बांबू पुढे करा. शुक्रवारी पोचल्यावर पहिला खेळ हाच घ्या, मुलांना फेकायला फार आवडतं. बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर तोंडाने श्वास देऊन सुरुवात करा, मग छाती दाबा, आणि दुसऱ्याने १०८ लावा. निदान दोन मोठ्यांनी हे आधी रीतसर शिकून घ्यावं.

साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. तो अवयव हलू न देता थेट दवाखान्यात. लस कुठे मिळते हे पाहणीच्या फेरीत विचारून ठेवलेलं असलं पाहिजे. डोळ्याला गळ लागला तर ओढू नका, वर कागदी कप झाकून पट्टी बांधा आणि निघा. त्यासाठीच एक गाडी चालकासह रात्रंदिवस तळावर उभी हवी, किल्ली ठरलेल्या एकाच जागी.

निघताना

रविवारी सकाळी सगळे गळ मोजून परत घ्या. दिले तितके मिळाले नाहीत तर मिळेपर्यंत शोधा, कारण दुसऱ्या दिवशी त्या काठावर गुरं येतात. तंगुसाचा तुकडाही मागे ठेवू नका, बगळ्यांच्या पायात तो अडकतो. घरी नेऊन बारीक कापूनच टाका. ओले तंबू गुंडाळून ठेवले तर आठवड्यात बुरशी धरतात, सोसायटीच्या गच्चीवर वाळवा. माशांची पिशवी बसच्या टपावर. आणि दुपारी दोनच्या आत निघा, कारण रविवारी संध्याकाळी लोणावळ्याकडून येणारं अर्धं पुणे त्याच रस्त्यावर असतं, आणि सोमवारी शाळा सकाळी सातची असते.